स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी घरातली सुरक्षा-साधनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, झालेल्या माणसाला घरी सांभाळताना सेन्सर, गजर, जीपीएस, कॅमेरे यांची कितपत मदत होते, काय कुठे बसवावं आणि काय मुळीच घेऊ नये, हे कुटुंबं पुन्हा पुन्हा विचारतात. त्याची ही उत्तरं. औषधोपचारांचा विषय इथे घेतलेला नाही; तो डॉक्टरांशीच बोलावा.

बाजारात इतकी उपकरणं आहेत की काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

खरेदीपासून तर नकोच. आधी आठवडाभर एक वही ठेवा. रात्री किती वाजता उठतात, कुठे जातात, कशाला हात लावतात, दिवसाच्या कोणत्या वेळी चलबिचल वाढते, हे तिच्यात लिहीत जा. अनेकांचा गोंधळ दिवस मावळताना वाढतो. त्याला सनडाउनिंग म्हणतात. वही वाचली की कळतं, तुमच्या घरातला खरा धोका दाराशी आहे, न्हाणीघरात आहे की शेगडीपाशी. जे एकदा घडता घडता राहिलं, त्याचा बंदोबस्त पहिला.

मग प्रत्येक उपकरणाला दोन प्रश्न लावून बघा. ते चालण्यासाठी आईला किंवा बाबांना काही लक्षात ठेवावं लागतं का? बटण दाबणं, चार्जिंगला लावणं, आवाज कशाचा हे ओळखणं, असं काहीही. या आजारात नवं शिकण्याची क्षमता फार लवकर कमी होते. त्यामुळे त्यांच्याकडून काहीच न मागणारं उपकरण जास्त काळ कामी येतं. दुसरा प्रश्न: इशारा वाजला तर तो कुणाच्या कानावर पडणार आणि तो माणूस किती मिनिटांत पोचणार? दूर राहणाऱ्या मुलाच्या फोनवर मध्यरात्री ‘दार उघडलं’ असा संदेश आला आणि जवळ धावून जाणारं कुणीच नसेल, तर त्या सेन्सरमुळे फक्त काळजी वाढते. म्हणून शेजारच्या विश्वासू माणसाकडे एक किल्ली आणि त्याचा फोन नंबर तुमच्याकडे, ही व्यवस्था आधी. सेन्सर नंतर.

या साधनांनी खरंच फरक पडतो, की नुसती मनाची समजूत?

काही बाबतींत पडतो, पण विक्रेते सांगतात तितका नाही. इंग्लंडमध्ये ‘अटिला’ नावाची एक मोठी चाचणी झाली. स्मृतिभ्रंश असलेल्या ४९५ जणांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला गरजा तपासून उपकरणांचा पूर्ण संच दिला, दुसऱ्याला धुराचा गजर, गळ्यातलं बटण अशी मोजकी साधनं. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पूर्ण संच मिळालेली माणसं दुसऱ्या गटापेक्षा जास्त काळ आपल्या घरी राहू शकली, असं दिसलं नाही.

धुराचा गजर धूर ओळखतो, दाराचा सेन्सर दार उघडल्याचं सांगतो; त्यात शंका नाही. पण जितकी उपकरणं जास्त तितकी सुरक्षितता जास्त, हे खरं नाही. तीन-चार साधनं नीट निवडून, नीट बसवून, दर महिन्याला तपासत राहणं हे डझनभर उपकरणांपेक्षा बरं, असं माझं ठाम मत आहे.

निदान नुकतंच झालंय. आत्ताच हे सगळं करायची घाई आहे का?

बोलण्याची घाई जरूर करा. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस स्वतःचं मत सांगू शकतो. ‘घड्याळात जीपीएस चालेल का? दिवाणखान्यात कॅमेरा नको वाटतो का?’ हे आत्ता विचारता येतं. दोन वर्षांनी कदाचित येणार नाही. त्यांनी जे सांगितलं ते तारीख घालून लिहून ठेवा. पुढे भावंडांमध्ये मतभेद झाले की तो कागद फार उपयोगी पडतो.

जे उपकरण त्यांनी स्वतः वापरायचं आहे, तेही याच काळात आणा. वार, तारीख आणि ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’ असं मोठ्या अक्षरांत दाखवणारं घड्याळ आत्ता भिंतीवर लागलं, तर त्याकडे बघायची सवय लागते. आजार वाढल्यावर आणलेली तीच वस्तू परकी वाटते.

आई रात्री दार उघडून निघून जाते. बाहेरून कुलूप लावलं तर चालेल का?

माणूस आत एकटा असताना कुलूप कधीही लावू नका. आग लागली, गॅस गळला तर त्यांना बाहेर पडायला वाटच उरत नाही. घरात सोबतीला कुणी असेल तर कडी नेहमीच्या जागी न लावता बरीच वर किंवा खाली बसवता येते. हात सवयीने जुन्या जागी जातो आणि तिथे काही सापडत नाही. मात्र घरातल्या बाकी प्रत्येकाला ती कडी अंधारातही उघडता आली पाहिजे.

निघून जाणं ही अपवादाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या मते स्मृतिभ्रंश असलेल्या दर १० पैकी ६ जण कधी ना कधी असे निघून जातात. याला सर्वांत साधा उपाय म्हणजे दाराचा सेन्सर. चौकटीवर एक तुकडा, दारावर चुंबक असलेला दुसरा. दोन्ही लांब गेले की इशारा जातो. बसवताना लोक इथे एक गोष्ट विसरतात: आवाज सांभाळणाऱ्याच्या उशाशी झाला पाहिजे, दारात नाही. दारातच कर्कश भोंगा वाजला तर आई घाबरतात, आणि घाबरलेला माणूस पळतो किंवा पडतो.

दार उघडेपर्यंत थांबायचं नसेल तर बिछान्याखाली दाबाची पट्टी मिळते. माणूस उठला आणि ठरवलेल्या वेळात परत आला नाही की ती सांगते. दहा मिनिटं ठेवली तर लघवीला जाऊन येण्याइतका वेळ मिळतो आणि तुम्हाला दर वेळी जाग येत नाही.

दारापुढे मुद्दाम काळी चटई टाका, असाही सल्ला ऐकू येतो. या आजारात डोळ्यांना दिसलेल्याचा मेंदू लावत असलेला अर्थ बदलतो आणि काळा चौकोन खड्ड्यासारखा भासू शकतो, म्हणून माणूस थांबतो. मला हा उपाय पसंत नाही. भीती घालून थांबवलेला माणूस तोल जाऊनही पडतो. दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडला तर दाराकडे लक्ष कमी जातं आणि कुणी घाबरतही नाही.

आणि कारण शोधा. लघवी लागली आहे, कुठे दुखतंय, भूक आहे, की पन्नास वर्षं पहाटे कामाला जायची सवय अजून अंगात आहे? न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आत मंद दिवा लावल्यावर रात्रीच्या फेऱ्या मुख्य दाराकडे वळायच्या थांबल्या, असं बऱ्याच घरांत दिसतं.

जीपीएसचं घड्याळ घ्यावं, लॉकेट घ्यावं की बुटात बसणारं यंत्र?

जे त्यांच्या अंगावर रोज आपोआप असतं त्यात बसणारं घ्या. आयुष्यभर घड्याळ बांधलेल्या बाबांना घड्याळ. कधीच न बांधलेल्यांना ते टोचतं आणि काढून फेकलं जातं. बुटातलं यंत्र चांगलं, पण बूट घालून बाहेर पडणाऱ्यांसाठीच. अनवाणी निघणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

यंत्र काम कसं करतं ते समजलं की अपेक्षा योग्य राहतात. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे क्षीण संकेत ते पकडतं. मोकळ्या आकाशाखाली जागा काही मीटरच्या फरकाने कळते. उंच इमारतींच्या दाटीत आणि छताखाली बरीच चुकते. कळलेली जागा तुम्हाला पाठवायला मोबाइलचं नेटवर्क लागतं, म्हणजे आत सिमकार्ड आणि त्याचा चालू प्लॅन हवा. आणि बॅटरी. ही यंत्रं ऐन वेळी निकामी ठरतात ती बहुतेकदा चार्जिंग राहून गेल्यामुळे. आंघोळीची वेळ हीच चार्जिंगची वेळ असं ठरवून टाका.

सामान शोधायचे ब्लूटूथ टॅग स्वस्त असतात, म्हणून लोक तेच खिशात शिवतात. अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला तो वस्तू शोधण्यासाठी. त्यात जीपीएस नाही. आसपास कुणाचा सुसंगत फोन असेल तरच त्याची जागा कळते. शिवाय कुणी लपूनछपून पाळत ठेवू नये म्हणून तो मालकापासून बराच वेळ दूर राहिला की स्वतःहून वाजतो. निर्मनुष्य रस्त्यावर भरकटलेल्या माणसासाठी त्याच्यावर विसंबू नये.

यंत्र कोणतंही असो, सोबत एक साधी पट्टी मनगटावर असू द्या: तुमचा फोन नंबर आणि ‘मला विसरायला होतं’ एवढा मजकूर. तिला बॅटरी लागत नाही.

तरीही हरवले तर?

आधी घरातच बघा: कपाटामागे, गच्चीवर, जिन्याखाली, अंगणात. मग जवळचा परिसर, विशेषतः पाणी आणि रहदारीचे रस्ते. १५ मिनिटांत सापडले नाहीत तर पोलिसांना कळवा. संकोच करत आणखी तासभर फिरू नका. अलीकडचा फोटो, उंची, नेहमीच्या जुन्या जागा, चालू औषधं हे सगळं फोनमध्ये एका ठिकाणी तयार ठेवा.

पडल्यावर कळवणारी उपकरणं कितपत भरवशाची?

गळ्यातलं बटण पडलेल्या माणसाने दाबायचं असतं. ते गळ्यात आहे आणि कशासाठी आहे, हेच आठवत नसेल तर ते शोभेचं राहतं. पडणं आपोआप ओळखणारी घड्याळं हालचालीचा अचानक धक्का मोजतात. अ‍ॅपल वॉचमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. जोराने पडल्यानंतर माणूस सुमारे मिनिटभर हललाच नाही तर ते स्वतःहून मदतीला फोन लावतं. पण खुर्चीवरून हळूच घसरून खाली बसलेला माणूस अशा घड्याळांच्या नजरेतून सुटू शकतो. अंगावर काहीच ठेवू न देणाऱ्यांसाठी भिंतीवर बसणारे रडार सेन्सर आहेत. ते चित्र घेत नाहीत, म्हणून न्हाणीघरातही लावता येतात.

तरी पडल्यावर कळण्यापेक्षा न पडणं मोलाचं, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त काम करतो तो दिवा. बिछान्यापासून शौचालयापर्यंत जमिनीलगत हालचालीने लागणारे मंद, पिवळसर दिवे बसवा. पाय खाली टेकताच लागला पाहिजे, चार पावलं अंधारात चालल्यावर नाही. छतावरचा भगभगीत दिवा एकदम पेटला तर डोळे दिपतात आणि सावल्या घाबरवतात. वाटेतला आरसा झाका. स्वतःचंच प्रतिबिंब अनोळखी माणूस वाटून दचकायला होतं. पलंगाजवळ दाबाची चटई टाकणार असाल तर तिच्या कडा जमिनीला पक्क्या चिकटवा, नाहीतर तीच पाडेल.

आई शेगडी पेटवून विसरते. स्वयंपाकघर बंदच करावं का?

लगेच नको. ज्यांनी आयुष्यभर स्वयंपाकघर चालवलं त्यांच्या हातून ते एका दिवसात काढून घेतलं की त्या आणखी खचतात. तुम्ही शेजारी उभे असताना निवडणं, ढवळणं, घड्या घालणं चालू ठेवा. धोका फक्त आगीचा काढून टाका.

गॅसच्या नळीवर बसणारी झडप इथे फार कामाची. काही झडपा ठरलेल्या वेळाने गॅस बंद करतात, काही सेन्सरला जोडलेल्या असतात आणि शेगडीजवळ बराच वेळ हालचाल नसेल तर पुरवठा तोडतात. सांभाळणाऱ्याने किल्लीने उघडायची झडप असेल तर तुम्ही बाहेर असताना शेगडी पेटतच नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

गळती ओळखणारा गजरही हवा, कारण अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात वास घेण्याची क्षमता बरेचदा सुरुवातीलाच कमी होते. गॅसचा वास येत असूनही त्यांना कळत नाही. गजराची जागा गॅसच्या प्रकारावर ठरते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गजर जमिनीजवळ. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, म्हणून छताजवळ. उलट बसवलात तर इशारा उशिरा मिळेल. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वास तर कुणालाच येत नाही. घरात काहीही जळणारं असेल तर त्याचा वेगळा गजर लावा.

इंडक्शन शेगडीत ज्योत नसते आणि भांडं उचललं की ती बंद होते, या जमेच्या बाजू. पण गुळगुळीत काचेवर बोट ठेवून चालवायची ही वस्तू आजार वाढल्यावर शिकता येत नाही. पेसमेकर असेल तर चालू इंडक्शनपासून ६० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. डॉक्टरांना विचारून मगच घ्या.

धुराच्या नेहमीच्या गजराचा स्वर बराच उंच, साधारण ३,१०० हर्ट्‌झचा असतो आणि वयोमानाने नेमके उंच स्वरच ऐकू येईनासे होतात. ५२० हर्ट्‌झचा खालचा स्वर देणारे गजर मिळतात. झोपायच्या खोलीत ते लावा.

गरम पाण्याचं काय?

६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोलवर भाजू शकतं. ४९ अंशाला त्याला काही मिनिटं लागतात, म्हणजे हात काढून घ्यायला वेळ मिळतो. साठवणीच्या टाकीचं तापमान मात्र फार उतरवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला हे जिवाणू वाढतात. टाकी गरम ठेवून नळापाशी थंड पाणी मिसळणारी थर्मोस्टॅटिक झडप बसवणं उत्तम. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी करा.

औषधांसाठी आपोआप उघडणारा डबा घ्यावा का?

आठवण करून दिल्यावर औषध घेतलं जातं, त्या टप्प्यापर्यंत हो. कुलूपबंद गोल डबा ठरल्या वेळी वाजतो, एकच कप्पा पुढे येतो, त्यामुळे दुहेरी डोस टळतो. पण गोळी हातात आली म्हणजे पोटात गेली असं नाही. ती खिशात, उशीखाली किंवा कुंडीत सापडायला लागली की डब्याचं काम संपलं. तिथून पुढे औषध माणसानेच द्यायचं.

कॅमेरा लावणं योग्य आहे का? मला अपराधी वाटतं.

तसं वाटणं चांगलं आहे, कारण ते तुम्हाला विचार करायला लावतं. कॅमेऱ्याने कोणता प्रश्न सुटणार, ते एका वाक्यात लिहा. ‘बाबा उठले का’ हा प्रश्न असेल तर हालचालीचा सेन्सर पुरतो. तो शरीराची उष्णता हलल्याचं टिपतो, चित्र काढत नाही. ‘दिवसा सांभाळायला येणारी व्यक्ती नीट वागते का’ हा प्रश्न असेल तर कॅमेरा लागू शकतो, पण त्या व्यक्तीला ते सांगूनच. न्हाणीघरात, कपडे बदलतात तिथे कॅमेरा कधीच नको. माणूस विसरतो, म्हणून त्याची लाज नाहीशी होत नाही.

कॅमेऱ्यातून अचानक बोलू नका. कुणी दिसत नाही आणि मुलाचा आवाज येतो, याने माणूस घरभर मुलाला शोधत फिरतो. बोलायचं असेल तर फोन करा.

कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. चित्रण कोण पाहू शकतं याची यादी लहान ठेवा आणि घर सोडून गेलेल्या मदतनिसाचा प्रवेश त्याच दिवशी काढा.

बोलणारा स्मार्ट स्पीकर?

सुरुवातीच्या टप्प्यात आठवणींसाठी चालतो. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात भास होणं सर्रास असतं; तिथे भिंतीतून येणारा परका आवाज भीती वाढवतो. अशा घरी तो नकोच.

अनोळखी फोन येतात आणि बाबा बँकेची माहिती देऊन टाकतात.

फोनवर फक्त साठवलेल्या नंबरांचेच कॉल येऊ द्या. ही सोय बहुतेक फोनमध्ये असते. चेहऱ्यांचे फोटो असलेली मोठी बटणं मिळतात, ती लावली की फोन करायचा आनंदही जात नाही. खात्यातून एका वेळी किती रक्कम जाऊ शकते, याची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्या. एक छोटं खातं त्यांच्या हाती राहू द्या.

वीज किंवा इंटरनेट गेलं तर सगळं बंद पडेल ना?

बरंच बंद पडेल. म्हणून जिवावर बेतणाऱ्या धोक्यांचे गजर, म्हणजे धूर, गॅस आणि दार यांचे, इंटरनेटशिवायही घरात वाजणारे आणि बॅटरीवर चालू राहणारे असावेत. दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप वीज गेल्यावर आतून हाताने उघडतं ना, हे स्वतः मुख्य स्विच बंद करून बघा.

गजर सारखे वाजतात. आता तर मी ते बंदच करून टाकते.

सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ येते. खोटे इशारे वाढले की खऱ्यालाही उठणं होत नाही. आठवड्याभराचे इशारे तपासा आणि ज्यांच्यावर तुम्ही एकदाही काही केलं नाही ते काढून टाका. सेन्सरचं तोंड पाळीव प्राण्याकडे, हलत्या पडद्याकडे किंवा हीटरकडे असेल तर फिरवा. आणि रात्रीची पाळी वाटून घ्या. आठवड्यातून दोन रात्री तरी इशारे दुसऱ्या कुणाच्या फोनवर गेले पाहिजेत. तुमची झोप हाही या घराच्या सुरक्षेचाच भाग आहे.

सेन्सरच्या नोंदींमध्ये रात्रीच्या फेऱ्या अचानक दुप्पट दिसतात. आजार वाढला का?

असं गृहीत धरू नका. स्मृतिभ्रंश साधारणपणे हळूहळू वाढतो. दोन-तीन दिवसांत एकदम बदल झाला तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध यांमुळे आलेला डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ, असू शकतो, आणि त्यावर उपचार असतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि नोंदी सोबत न्या. ‘रात्री जास्त उठतात’ यापेक्षा ‘मंगळवारपर्यंत दोनदा, बुधवारपासून सहा वेळा’ हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

आता उपकरणांवर भागणार नाही, हे कसं ओळखायचं?

एक प्रश्न स्वतःला विचारा. या क्षणी धुराचा गजर वाजला तर त्या स्वतःहून घराबाहेर पडतील का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असेल, तर त्यांना थोडा वेळही घरी एकटं ठेवायचे दिवस संपले आहेत, मग घरात कितीही सेन्सर असोत. तिथून पुढे माणसांचे तास वाढवावे लागतात: दिवसाचं देखभाल केंद्र, रात्रीचा मदतनीस, भावंडांच्या पाळ्या किंवा निवासी केंद्र. मदतनीस किंवा केंद्र निवडताना ती वही आणि सेन्सरच्या नोंदी समोर ठेवा. त्या कधी उठतात, कशाने शांत होतात, कोणत्या दाराकडे जातात, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं, तर पहिला आठवडा त्यांना कमी जड जातो.